उन्हात ठेवलेले सेल

माझ्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार कोणतं असं कुणी विचारलं, तर मी पंख्याचं बटण दाखवतो. कॅसेटची फीत इतकी हलकी असते की कॅसेट उघडून दुरुस्तीला घेतली आणि पंखा चालू राहिला, तर एखाद्याच्या लग्नातल्या मंगलाष्टका खोलीभर लोंबकळतात. हे आमच्याकडे एकदा झालेलं आहे. मंगलाष्टका आधी कॅलेंडरला अडकल्या, मग कपाटाच्या मुठीला, आणि शेवटी आमच्या मांजरीला. मांजर घाबरून खिडकीतून बाहेर गेली आणि निम्मं लग्न फणसावर चढलं. फीत गोळा करून, पुसून, पुन्हा गुंडाळायला माझी सगळी दुपार गेली. त्या जोडप्याला मी हे कधी सांगितलं नाही, कारण त्यांचं अजून चांगलं चाललं आहे.

आमचं गाव मुरूडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. बाजारात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेप गेले, त्यांच्या मागोमाग दुकानही गेलं. मी राहिलो, म्हणून लोक माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी घेऊन घरी यायला लागले. “काका, ह्यातलं मोबाइलवर येईल का?” माणगावच्या एका भंगारवाल्याकडून मी एक जुना डेक उचलला, त्याचे पट्टे बदलले. भाच्याने टाकायला काढलेला कॉम्प्युटर घरात होताच. दोघांच्या मध्ये एक वायर जोडली आणि धंदा सुरू झाला. पंचक्रोशीत हे काम करणारा दुसरा कोणी नसल्यामुळे मला तज्ज्ञ म्हणतात. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं आहे ते.

काम म्हणाल तर सोपं. डेकवर कॅसेट वाजवायची आणि आवाज वायरीतून कॉम्प्युटरमध्ये साठवायचा. फक्त घाई चालत नाही. दीड तासाची कॅसेट उतरवायला दीड तासच लागतो, आणि तो सगळा ऐकत बसावा लागतो. फीत कुठे अडकली, कुठे तुटली, कुठे आवाज बसला, हे कानाशिवाय कळत नाही. त्यातून आमची हवा खारी आणि दमट. कॅसेटींना लोणच्यासारखी पांढरी बुरशी येते. अशी कॅसेट मी आधी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो, म्हणजे ओल ओढली जाते. हा उपाय आमच्या सुलभाला, म्हणजे बायकोला, मान्य नाही. एकदा तिने न बघता वाटी भरून तांदूळ काढले आणि कुणाची तरी सत्यनारायणाची कथा कुकरला लागता लागता वाचली.

दुसरं एक भांडण हेडफोनचं. हेडफोन घातला की मला तिच्या हाका ऐकू येत नाहीत. आधी तिला वाटायचं मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो, आणि तिचं अगदीच चुकत होतं असं नाही. शेवटी तिने हेडफोन उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि हुकूम काढला की कॅसेट लावायची ती स्पीकरवर. तेव्हापासून लोकांचे साखरपुडे, बारशी, भजनं आणि भांडणं आमच्या ओटीवरून सगळ्या आळीला ऐकू जातात.

गिऱ्हाइकं एकेक नगच असतात. थळचे एक गुरुजी ‘कीर्तन’ असं सुबक अक्षरात लिहिलेली कॅसेट घेऊन आले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आत कीर्तनाचा पत्ता नाही, नुसतं घोरणं. कुणीतरी टेप चालू ठेवून विसरलं होतं. तरी मी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या, न जाणो घोरण्याच्या मागे कीर्तन असलं तर. गुरुजींना दबकत सांगितलं, तर ते खुर्चीत उठून बसले. “हा आमचा मेहुणा. आयुष्यभर म्हणत आलाय की मी घोरत नाही.” पुढच्या बारशाला त्यांनी ते घोरणं स्पीकरवर लावलं. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, “हा तर गुरुजींचा आवाज.” आता दोन्ही घरांत तज्ज्ञ म्हणून माझं मत मागतात. मी देत नाही. मला दोन्हीकडचं जेवण आवडतं.

मांडव्याला बोटीने उतरून मोटारीने आलेल्या एका बाईंना आजीच्या ओव्या हव्या होत्या, पण मागचा कोंबडा नको होता. मी समजावलं की कोंबडा आणि आजी एकाच फितीवर आहेत, कोंबडा सोलून काढला तर आजीची साल जाते. त्या म्हणाल्या, प्रयत्न करा. प्रयत्न केला. कोंबडा गेला आणि आजी पाण्यात बुडून गायला लागली. बाई गुपचूप कोंबड्यासकट आजी घेऊन गेल्या.

पण लिहायचं आहे ते सलीमभाईंच्या कॅसेटबद्दल. त्यासाठी आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या गावातल्या पुष्कळ मुसलमान घरांतली तरणी पोरं आखातात नोकरीला जायची. गावात फोन नव्हता आणि पत्र लिहायचा आळस. म्हणून कॅसेट भरून पाठवायची. घरात सगळे टेपभोवती बसायचे आणि पाळीपाळीने बोलायचे, आणि सुट्टी संपवून परत निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती कॅसेट जायची. तिकडे पोरगा ती ऐकायचा आणि त्याच कॅसेटवर, आईबापांचं बोलणं पुसत, आपला जबाब भरून परत पाठवायचा. पाटी पुसून पुन्हा लिहावं, तसं. एकेक कॅसेट वर्षानुवर्षं समुद्र ओलांडत राहायची. तेव्हा कुणाला वाटलं नाही की आपण काही पुसतो आहोत.

सलीमभाई असेच तरणे असताना गेले आणि टक्कल पडल्यावर परतले. त्यांचे वडील उस्मानचाचा खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. त्यांचा आवाज म्हणजे एक प्रकरण होतं. तर सुटायची वेळ झाली की या काठावरून ते हाक द्यायचे आणि पलीकडच्या काठावरचा माणूस चहा टाकून पळत सुटायचा. चाचांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सलीमभाईंच्या बॅगेत मात्र चाचांची एक कॅसेट निघाली. कॅसेटींच्या त्या येरझारीतली ही शेवटची, परत न आलेली.

“काका, पुढचं निम्मं मीच पुसलं,” सलीमभाई म्हणाले. “जबाब भराया घेतला नि मध्येच जाणारा माणूस निघून गेला. मंग गावात फोन आला. ती तशीच ऱ्हायली. मागचं निम्मं बाबांचं हाय.”

मी लावली. आधी सलीमभाईंचा तरणा आवाज, छान स्वच्छ, इकडे सगळं खैरियत आहे वगैरे. मग खट्ट, आणि एक उंदीर बोलायला लागला. चिरका, भरभर, जणू पायाखाली शेपटी आली आहे. हे उस्मानचाचा होते. उंदीर म्हणत होता की बकरीने तुझ्या शर्टाची कॉलर खाल्ली आणि तरीला डांबर लावलं. ओटीवर बसलेला पोस्टमन हसून हसून वाकला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

सलीमभाई हसले नाहीत. “तिकडं रूमवर ऐकला तेव्हा आमी बी हसलो,” ते म्हणाले. “मी फोनवर बाबांना बोललो पण, की तुमी उंदरासारखे वाजताव. ते रुसले. पुन्हा कधी कॅसेट भरली न्हाय. काल घरी अम्मीला ऐकवली तर नातवंडं हसली. अम्मीने टेप बंद केला. बोलते, हे आमचे न्हाय.”

कारण मला चटकन कळलं, कारण ह्या एका कारणावर माझं दुकान कितीतरी वर्षं चाललं होतं. सेल. टेपमधले सेल उतरले की मोटर मंद चालते, फीत हळू सरकते. अशा मंद फितीवर भरलेला आवाज पुढे चांगल्या टेपवर वाजवला की धावत सुटतो, आणि आवाज धावला की बारीक होतो. आणि उस्मानचाचांचे सेल उतरलेलेच असायचे. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असा माणूस. सलीमने पाठवलेल्या भारी टेपमध्ये ते बॅटरीतून काढलेले जुने सेल घालायचे, आणि तेही संपले की कौलांवर उन्हात ठेवायचे. उन्हात ठेवला की सेल थोडा वेळ तरतरी धरतो, तेवढ्यात काम उरकायचं. आमच्या गावात निम्म्या कौलांवर तेव्हा सांडग्यांच्या शेजारी सेल वाळत असायचे.

“म्हणजे हळू केला की आवाज बरा होईल,” मी म्हणालो. सलीमभाईंचा चेहरा खुलला.

हळू करणं हे कॉम्प्युटरवर एका बोटाचं काम. प्रश्न हा की किती हळू. चाचांचा खरा आवाज होता केवढा जाड? सलीमभाई म्हणाले, अजून जाड. मी केला. पोस्टमन म्हणाला, अजून. त्याचे वडील तरीचे पैसे बुडवायचे, त्यामुळे त्याच्या घराण्यात चाचांचा आवाज फारच जाड म्हणून लक्षात होता. शेजारपाजारचे येऊन आपापली आठवण सांगून गेले. ज्याला चाचांनी कधी रागे भरलं होतं त्याला रेडा हवा होता, ज्याला फुकट पलीकडे नेलं होतं त्याला गवई. संध्याकाळपर्यंत उस्मानचाचा भुयारातून बोलायला लागले. शिवाय एक अडचण अशी की सेल बोलता बोलताही उतरत होते. सुरुवात जुळवली की शेवट उंदीर, शेवट जुळवला की सुरुवात रेडा. अगदी शेवटी तर नुसतीच एक ‘चिंव्’ होती, पाखरू दारात सापडल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी हलिमाचाचींकडे गेलो, म्हणजे सलीमभाईंच्या आईकडे. वाटलं, त्यांनाच विचारावं. त्या पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. मला बघून अडकित्ता खाली ठेवला.

“चाची, तुमीच सांगा, केवढा जाड करू?”

“तोच तर आठवत न्हाय रे बाबा,” त्या म्हणाल्या. “चेहरा आठवतो. चालणं आठवतं. खोकला बी आठवतो. आवाज गेला. मी सलीमला बोललीव, तुझ्याकडं कॅसेट हाय तर ऐकव एकदा. तर ह्यो उंदीर. नि आता काय झालंय ठाव हाय? काल डोळे मिटले तर आमचे उंदरावानी बोलले. होता नव्हता तेवढा पण गेला.”

त्यांनी मला सरबत दिलं आणि म्हणाल्या, “अंदाजाने जाड करून आणू नको. दुसऱ्याच कुणाचा आवाज माझ्या गळ्यात घालू नको. खरा असला तर आण, न्हायतर ऱ्हाऊ दे.”

मी घरी आलो तो खजील होऊन. आदल्या दिवशी आम्ही ओटीवर पत्ते खेळावे तसा एका बाईचा नवरा जाड-बारीक करत बसलो होतो. मी कॅसेट पुन्हा लावली, मूळ चालीवर, उंदरासकट, आणि डोकं धरून ऐकत राहिलो. बकरीची कॉलर. तरीचं डांबर. मागून एका बाईचा चिरका आवाज, “मला बी बोलू द्या,” आणि उंदीर, “थांब गो जरा.”

एवढ्यात सुलभा स्वयंपाकघरातून पिशवी घेऊन तरातरा आली, चपला घालून फाटकाबाहेर गेली, वर-खाली बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून परत आली.

“इक्बाल कुठे गेला?”

इक्बाल आमचा पाववाला. “आला कुठे?” मी म्हणालो.

“आत्ता भोंगा वाजला की. मी काय बहिरी आहे? पण काय झालंय त्याच्या भोंग्याला? एवढा चिरका का वाजत होता?”

मी फीत मागे घेतली. बकरीच्या कॉलरच्या पाठीमागे, लांब रस्त्यावर, पाववाल्याचा भोंगा होता. दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. कॅसेटवर तो इतका बारीक होता की मी त्याला चिमणी समजून सोडून दिलं होतं. सुलभाने भोंग्याची चाल ओळखली होती. पावाच्या बाबतीत तिचे कान माझ्यापेक्षा तिखट.

इक्बाल तिसऱ्या प्रहरी खरोखरच आला. मी त्याला फाटकात अडवलं. “हा भोंगा कधीचा रे?”

“बापाचा हाय, काका. सायकल गेली, स्कूटर आली, रबर तीनदा बदलला. भोंगा नि आतली पितळेची जीभ तीच. बाप सांगून गेलाय, गिऱ्हाईक पावाला न्हाय, भोंग्याला ओळखतं.”

मला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या मध्ये पावांच्या पाट्या होत्या. माणूस जातो, त्याचा आवाज कुणाच्या लक्षात राहत नाही. पितळेच्या जिभेचा सूर मात्र तोच राहतो. कॅसेटमधला भोंगा हळू करत करत इक्बालच्या भोंग्याशी जुळवला, की त्याच घटकेचे उस्मानचाचा आपोआप खरे होणार. त्यात माझा अंदाज नाही की पोस्टमनच्या घराण्याचा राग नाही.

“वाजव,” मी त्याच्यासमोर मोबाइल धरून म्हणालो. त्याने वाजवला. मध्ये कावळा ओरडला, म्हणून पुन्हा. मग कुत्रं भुंकलं, म्हणून पुन्हा. एवढे भोंगे ऐकून सगळी आळी पिशव्या घेऊन आमच्या फाटकाशी जमली. त्यांना वाटलं पाववाला भांडतो आहे किंवा मेला आहे. इक्बालच्या सगळ्या पाट्या तिथेच रिकाम्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो आपणहून विचारायला आला, “काका, आज वाजवायचं हाय?”

आणखी एक नशीब असं की आमच्या रस्त्याला पुढे तोंड नाही. पाववाला जाताना भोंगा वाजवतो, खाडीपर्यंत जाऊन मागे फिरतो आणि येताना पुन्हा वाजवतो. चाचांचं घरही ह्याच रस्त्यावर, म्हणून कॅसेटवरही तसंच होतं. जाताना एकदा आणि शेवटाकडे, येताना दुसऱ्यांदा, आणि दुसरा भोंगा पहिल्यापेक्षा बारीक. म्हणजे मधल्या वेळात सेल किती उतरले तेही कळलं. दोन्ही भोंगे इक्बालच्या भोंग्याशी जुळवले आणि मधला उतार हळूहळू सरळ करत नेला. उंदीर वितळत गेला. स्पीकरमधून एक घोगरा, थोडा नाकातला आवाज आला. आम्ही सगळ्यांनी ठरवला होता तितका जाड तो मुळीच नव्हता. सुलभा हात पुसत दारात येऊन उभी राहिली. “अगोबाई,” ती म्हणाली, “हे तर तरीवाले चाचा.”

राहिली ती शेवटची ‘चिंव्’. सेल मरता मरता फीत जवळजवळ थांबली होती आणि तेवढ्यात चाचा जे बोलले ते सगळं त्या एका चिवचिवाटात दाबून बसलं होतं. तिथे भोंगा नव्हता, पण आता चाचांचा आवाज माझ्या ओळखीचा झाला होता. चिवचिवाट ताणत ताणत मी त्या आवाजापर्यंत आणला आणि त्यातून शब्द निघाले. ते ऐकून मी कॉम्प्युटर बंद केला आणि सलीमभाईंना फोन करून सांगितलं की उद्या येतो, नातवंडांना बाहेर पाठवू नका, राहू देत.

हलिमाचाची पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सलीमभाई त्यांच्या पायथ्याशी. नातवंडं दारात, हसायच्या तयारीत. मी स्पीकर ठेवला आणि नेहमीच्या सवयीने बाजूला मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, खोलीत आवाज कसा येतो ते नंतर ऐकायला.

“सलीम, पोरा, बकरीने तुझ्या शर्टाची कॉलर खाल्ली.”

चाचींचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला. कुणी हसलं नाही. चाचा डांबराचं बोलले, पावसात पडलेल्या माडाचं बोलले, मागून तरण्या हलिमाचाची “मला बी बोलू द्या” म्हणाल्या, ते “थांब गो जरा” म्हणाले, आणि पलंगावरच्या चाचींनी मान हलवली, की हे असंच असायचं. भोंगा गेला, भोंगा परत आला. मग शेवटचं ते वाक्य, जे आजवर फक्त चिवचिवाट म्हणून ऐकलं गेलं होतं.

“झालं माझं. आता तुझी आई बोलतेय. घे, बोल गो हलिमा.”

आणि फीत संपते तसा शुकशुकाट. सेल मेले होते. त्या दिवशी चाचींना बोलायला मिळालंच नव्हतं, आणि पुढे चाचा रुसले म्हणून कॅसेटवर कधीच मिळालं नाही.

सलीमभाई तोंड फिरवून भिंतीकडे बघत होते. मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला, तर चाचींनी तो हाताने अडवला. स्पीकरच्या जरा जवळ सरकल्या, पदर डोक्यावर नीट घेतला, घसा साफ केला.

“सांगितलं हुतं ना,” त्या म्हणाल्या, “नवीन सेल घाला म्हून.”

पहिल्यांदा नातवंडं हसली, मग सलीमभाई रडता रडता हसले, मग चाची स्वतःच. पण थांबल्या नाहीत. त्यांची पाळी होती. माड कुणी तोडला ते सांगितलं, तर बंद होऊन पूल झाला ते सांगितलं, सलीमचं टक्कल सांगितलं. बाहेर रस्त्यावर इक्बालचा भोंगा वाजला, दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. सुनेने विचारलं पाव घेऊ का, तर तिला हातानेच गप्प केलं आणि पुढे बोलत राहिल्या.

मी हळूच मोबाइलकडे बघितलं. बॅटरी भरलेली होती.